वेणूआत्या आणि उलटा पदर

आत्या काल गेली, आणि हार घालायला निवडलेल्या फोटोत तिचा पदर उजव्या खांद्यावर आहे.

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण ती चूक मी लहानपणापासून ऐकत आलेय.

फोटो म्हणजे माझ्या मुलीने दिवाळीत आत्याबरोबर काढलेला सेल्फी. मोबाईलने डावं-उजवं उलटं केलं. बाकी फोटो छान आलाय.

वेणूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पारनेरच्या मास्तरांची मुलगी. आणि आमच्या माहितीत तरी, नगरच्या छापखान्यात बसून चित्रं काढणारी पहिली बाई.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती. छापखान्याचा आर्टिस्ट लष्करात नकाशे काढायच्या नोकरीवर गेला आणि मालकांचं शाळेचं पुस्तक अडलं.

आजोबा म्हणाले, "आमची वेणू काढते की चित्रं."

मालकांनी नाइलाजाने तिला मागच्या खोलीत बसवलं. अट एकच. चित्रं बाईने काढलीत हे गिऱ्हाईकाला कळता कामा नये.

तेव्हा चित्र दगडावर काढायचे. मोठा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाई, वर कागद दाबला की छाप. छाप उलटा उमटतो, म्हणून दगडावर सगळंच उलटं काढायचं.

अक्षरं उलटी लिहितात हे आत्याला दिसत होतं. चित्रसुद्धा उलटं होणार, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही.

पहिलंच चित्र. आई चुलीपुढे बसून मुलाला भाकरी वाढतेय.

छापून आलं तेव्हा आईचा पदर उजव्या खांद्यावर, आणि पोरगा डाव्या हाताने जेवतोय.

मालकांनी प्रूफ तपासलं होतं. पण अक्षरांचं. चित्रात काय तपासायचं असतं?

कागदाची टंचाई, त्यामुळे फेकून देणंही परवडणारं नव्हतं. पुस्तक तसंच शाळांत गेलं.

पारनेरच्या बाजारात एका म्हातारीने नातवाचं पुस्तक आजोबांपुढे धरलं.

"मास्तर, ही बाई कुठली वो? आमी न्हाई असा पदर घेत. आन् पोराला डाव्या हातानं जेवाया कुनी शिकिवलं?"

ही बोंब मालकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "बाई, उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

आत्या खूप रडली. आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या फणेरपेटीतला आरसा पिशवीत घालून छापखान्यात हजर.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं ना?"

"चूक मी केलीये. दुरुस्तही मीच करते. मग जाते."

पुढच्या छपाईसाठी तिने तीच आई पुन्हा काढली, आरशात बघत बघत. मालकांनी तोच आरसा दगडापुढे धरला. पदर डावीकडे. पोराचा उजवा हात ताटात. आरसा त्यांनी चित्राच्या खालच्या कडेपर्यंत फिरवला.

मग म्हणाले, "उद्या या. पण हे खालचं नाव काढावं लागेल."

चुलीशेजारच्या सरपणाच्या ढिगात तिने बारीक अक्षरात 'वेणू' लिहिलं होतं. अर्थात, उलटं.

मालकांनी ते चाकूने खरवडलं.

पुढे कितीतरी वर्षं हाच कार्यक्रम. शाळेची पुस्तकं, कॅलेंडरं, उदबत्तीची लेबलं. ही नाव लिहायची, ते खरवडायचे.

मी एकदा विचारलं, "खरवडणार हे माहीत होतं, तर लिहायचीस कशाला?"

"अगं, त्यांना तरी दुसरं काय काम होतं?"

हे उत्तर तिचं ठरलेलं, आणि त्यावरचं हसूही. फक्त एकदा चहा गाळता गाळता ती हसली नाही. म्हणाली, "एखाद्या दिवशी तरी विसरतील, असं वाटायचं गं."

ते कधीच विसरले नाहीत.

तो आरसा तिने शेवटपर्यंत सोडला नाही. माझी शाळेतली चित्रं, शिवून आलेला ब्लाऊज, दारातली रांगोळी, सगळं आधी आरशात बघायचं. सरळ बघितलं की डोळे फसतात म्हणे.

मला बघायला आलेला मुलगासुद्धा तिने पाठमोरं बसून आरशातून बघितला. "नाक जरा वाकडं आहे, पण माणूस बरा वाटतो."

नवरा अजून आरशापुढे नाक चाचपतो.

आज सकाळी फोटो स्टुडिओवाल्याला फोन केला, फोटो उलटा करून द्या म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, सरळच आहे की."

मग मी तिच्या उशाचा आरसा घेतला आणि मोबाईलपुढे धरला. पदर डाव्या खांद्यावर आला. आत्या माझ्या आत्यासारखी दिसायला लागली. कालपासून अडलेलं रडू तिथे आलं.

खाली दोन फोटो टाकतेय. पहिला आत्याचा, सरळ केलेला.

दुसरा त्या पुस्तकातल्या आईचा. दुरुस्त छपाईची एक प्रत माझ्याकडे राहिलीय. सरपणाच्या ढिगात बारीकसा पांढरा डाग दिसेल. बघणाऱ्याला वाटतं, तिथे शाई लागली नाही.

त्या डागात आज मी काळ्या पेनाने नाव लिहिलंय. 'वेणू'.

आरशात बघून घेतलं. तिने दगडावर लिहिलं होतं तसं, उलटं दिसलं. बरोबर आहे.

आता खरवडायला कुणी येणार नाही. सावकाश जा, आत्या.