बिबड्यांचा नंबर

आमच्या गल्लीत 'पाळी' हा शब्द बायका मोठ्याने बोलत नसत. ओट्यावर पुरुष बसलेले असत, पोरं हुंदडत असत, अशात कुणी 'उद्या माझी पाळी' म्हटलं की चारजणी तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसायच्या. त्यामुळे इंग्रजांनी इथून जाताना आणखी काही ठेवलं असो वा नसो, 'नंबर' हा शब्द ठेवून गेले हे गल्लीतल्या बायकांवर त्यांचे उपकारच झाले. रेशनच्या दुकानात नंबर, पिठाच्या गिरणीवर नंबर, नळावर हंड्यांचा नंबर. आणि होळी झाली की बिबड्यांचा नंबर.

मी पुढे धुळ्याला बँकेत लागले. काउंटरपलीकडचा माणूस टोकन नाचवत विचारायचा, "ताई, माझा नंबर आला का?" आणि मी म्हणायची, "येईल, बसा." दिवसभर हा शब्द तोंडात असायचा म्हणून एकदा मुलीचा जाडजूड शब्दकोश उघडून त्याचं मूळ पाहिलं. तिथे लिहिलं होतं की तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. अर्थ साधाच, मोजणं, किती आहेत ते सांगणं. कोण पुढे, कोण मागे, कोण मोठा, कोण धाकटा, हे त्याच्या पोटात नंतर शिरलं असावं. आपल्याकडे येईपर्यंत तर तो पारच बिघडला. शाळेत पहिला नंबर, कॉलेजात नंबर लागणं, दोन नंबरचा पैसा, एक नंबर भाजी. माझ्या आजोबांचं पिंपळनेरजवळ शेत होतं, त्याला सगळे 'मोहाचं' म्हणत, कारण बांधावर मोहाचं झाड होतं. सरकारी मोजणीनंतर कागदावर त्याचा नुसता नंबर उरला. आजोबा म्हणत, जमीन माझी, झाड माझं आणि नाव त्यांचं. अंत्ययात्रेहून परतलेले म्हातारे तर पाय धुता धुता सहज म्हणतात, "चला, आता आपला नंबर." कुणी दचकत नाही.

पण मला सांगायचं आहे ते बिबड्यांच्या नंबराबद्दल, आणि मायबद्दल. माय आता नाही.

आम्ही नशिराबादचे नव्हतो. माझे वडील, आबा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, काम मिळालं म्हणून साक्रीकडून इकडे आले आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. गल्ली सगळी केळीवाल्यांची. घरची शेती, घरचं दूध, दारात ट्रॅक्टर. त्यांची बोली वेगळी, मायची अहिराणी वेगळी. माय 'आहे'ला 'शे' म्हणाली की पोरीबाळी तिच्यामागे 'शे शे' करत फिरायच्या. ती हसायची. मला मात्र भयंकर राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

ज्यांनी बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी काही दिवस भिजवायची, धुवायची, वाळवायची, दळायची. मग पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची, मीठ घालून पीठ वैरायचं आणि दणकून ढवळायचं. ते गरम पीठ खाटेवर अंथरलेल्या ओल्या कापडावर घेऊन पाण्याच्या हाताने पातळ थापायचं. हे एकटीचं कामच नाही. पीठ गार व्हायच्या आत सात-आठ हात तरी चालायला हवेत. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं सगळ्या गल्लीने मिळून करायचं. कुणी कुणाला मजुरी देत नसे. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येते, एवढाच करार.

आता नंबर कुणाचा कधी, हे गल्लीतल्या अक्का ठरवायच्या. अक्का म्हणजे कोपऱ्यावरच्या मोठ्या घरातल्या थोरल्या सासूबाई, नाकात मोठी चमकी, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडची म्हैसही कान टवकारेल. पहिला नंबर अक्कांचा. मग त्यांच्या जावेचा. मग ज्यांची केळी जास्त त्यांचा, मग ज्यांची कमी त्यांचा. आणि सगळ्यांत शेवटी आमचा. भाडेकरू म्हणून.

तुम्ही म्हणाल, शेवटी तर शेवटी, बिबडे तेच. नाही हो. चैत्राचं ऊन कडक आणि स्वच्छ असतं, त्यात बिबडा दिवसभरात खडखडीत वाळतो. वैशाखात वारा सुटतो, वावटळी येतात, दुपारून ढग जमतात. आमचे बिबडे दर वर्षी धुळीने कचकच लागायचे. आणि दुसरं म्हणजे, पहिल्या नंबराला गल्लीतल्या साऱ्या जणी हळदीकुंकवाला आल्यासारख्या नटून यायच्या. चुलीला कुंकू लावायच्या, गाणी म्हणायच्या, सगळ्या जमल्याशिवाय पाण्यात पीठ पडत नसे. शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्यांचे हात पोळलेले, कंबर धरलेली, हौस फिटलेली. कुणाला पाहुणे यायचे, कुणाचं डोकं दुखायचं. आमच्याकडे तिघीच यायच्या.

यातली खरी गंमत अशी की मायइतका पातळ बिबडा गल्लीत कुणाला थापता येत नव्हता. मायला ते ठाऊक होतं आणि अक्कांनाही. माय प्रत्येक घरी पहिली हजर व्हायची. आपल्या अंगणात एकदा तरी सगळ्या बायका याव्यात एवढीच तिची इच्छा होती, आणि माय ती दर वर्षी आम्हाला बोलून दाखवायची. "यंदा पयला नंबर आपला," असं होळीला म्हणायची, आणि गुढीपाडव्याला अक्कांकडून घरी आली की, "जाऊ दे, नंबर ते लागना ना." म्हणजे, नंबर लागला तर खरा.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र तिला खात्री होती. रीतच तशी होती. ज्या घरी लग्न, त्या घराचा नंबर पहिला, कारण रुखवतात बिबडे लागतात. मायने अंगण सारवलं, शेजारून दोन खाटा आणल्या, त्यांवर अंथरायला धोतरं धुऊन ठेवली. पण त्याच वर्षी अक्कांच्या नातीचंही लग्न निघालं. अक्कांनी पहिला नंबर आपल्याकडे ठेवला. दुसरा त्यांच्या जावेला दिला, कारण नात तीही सांभाळायची म्हणे. आम्हाला पाचवा.

मी तडक अक्कांकडे गेले. पदवीचं शेवटचं वर्ष, अंगात मस्ती भरपूर. म्हटलं, "अक्का, रीत तुम्हीच केली. दोन लग्नं असतील तर दुसरा नंबर आमचा. जाऊबाईंच्या घरी कोणाचं लग्न आहे?"

अक्का सुपात गहू पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तू त आता चालली व माय धुळ्याले. तुह्या मायले आमच्यात राहाचं हाये. इचार तिले, भांडाचं हाये का?"

मी घरी येऊन मायला विचारलं नाही, पण बातमी माझ्याआधीच पोचली होती. मायने मला दाराच्या आत ओढलं. "गप ऱ्हाय," ती म्हणाली. "पाचवा नंबर काय कमी शे?" पाचव्या नंबराला निम्म्या गल्लीने हजेरी लावली, आणि मायच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता. मी मात्र फुगून बसले होते. पुढच्या वर्षी लग्न नव्हतं, तेव्हा आमचा नंबर परत शेवटी गेला.

मग घरोघरी फोन आले. आबा वारले, भाऊ पुण्याला कंपनीत गेला, माय नशिराबाद सोडायला तयार होईना. दर पाडव्याला मी धुळ्याहून फोन करायची आणि पहिला प्रश्न तोच, नंबर कितवा? एका वर्षी ती म्हणाली, "यंदा आपला नंबर सातवा शे." शेवटून बराच वर! मी अभिनंदन केलं, संध्याकाळी घरी शिरा केला. नंतरच्या वर्षी पाचवा. मग चौथा. नवऱ्याला म्हटलं, बघा, इतक्या वर्षांनी का होईना, गल्लीला माझ्या मायची किंमत कळली.

ती तिसऱ्यावर आली तेव्हा तिचा आवाज काही फुललेला वाटला नाही. मी म्हटलं, "अगं, तिसरा! आता काय राहिलं?" ती म्हणाली, "बठ्ठा पुनाले निंघी ग्यात, बेटा. अक्काबी गयी." सगळे पुण्याला निघून गेले होते, अक्काही वारल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला कुणी वर चढवलं नव्हतं. तिच्या पुढची घरं एकेक करून गळत होती. कुणाची सून म्हणायची, बचत गटाचे बिबडे दुकानात मिळतात, कोण पहाटे उठून मरतंय. कुणी जळगावात फ्लॅट घेतला. कुणाच्या दारावर पोस्टमनसुद्धा थांबत नव्हता. मला माझ्या त्या शिऱ्याची लाज वाटली नाही, पण वाईट फार वाटलं.

आणि एका पाडव्याला तिचाच फोन आला. "यंदा पयला नंबर आपला शे. येशी का?"

मी रजा टाकली. पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचली, तिथून नशिराबाद. माय वाकली होती, पण अंगण सारवलेलं होतं, तीन खाटा मांडलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी तिने घरोघरी निरोप दिला होता. घरं तरी किती? अक्कांच्या घरात आता भाडेकरू होते, कारखान्यात कामाला जाणारं जोडपं. एक म्हातारी मोतीबिंदूची, तिला घराबाहेर सोडत नव्हते. आणि अक्कांच्या जावेची नातसून, ती जळगावला नोकरीला जायची.

पहाटे मायने चुलीला कुंकू लावलं. पातेल्यात पाणी उकळू लागलं. मी पिठाचं भांडं उचललं तर म्हणाली, "थांब, येतीन त्या."

पहिल्या नंबराची रीत होती ना, सगळ्या जमल्याशिवाय पीठ पडत नाही. आम्ही थांबलो. पाणी आटलं, तिने आणखी ओतलं. ते आटलं, पुन्हा ओतलं. ती मधूनच दाराशी जाऊन गल्लीत बघून यायची आणि लाकडं सारखी करायची. भांडायला समोर कुणी असतं तर मी भांडले असते. अक्का असत्या तरी चाललं असतं. त्यांचा तो आवाज, ते सूप, ती चमकी, सगळं मला त्या घटकेला हवं होतं. शेवटी म्हटलं, "माय, ऊन चढतंय."

तिने पीठ वैरलं. मी ढवळलं. दोघींनी मिळून थापायला घेतलं, माझा बिबडा जाड, तिचा अजूनही पातळ. दोन खाटा कोऱ्याच राहिल्या. नोकरीवाली नातसून स्कूटीवरून जाता जाता थांबली, उभ्याउभ्या गरम पीठ तेल घालून खाल्लं, फोनवर फोटो काढला, "एक नंबर झालंय, काकू!" म्हणाली आणि गेली. चांगली पोर आहे, तिला नावं ठेवायची नाहीत मला.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा काम संपलं. मायने हात धुतले, पदराला पुसले, आणि दर वर्षी जसं विचारायची तसंच सहज विचारलं, "सकाय कोनाघर जानं शे?" उद्या कुणाच्या घरी जायचं, म्हणून.

तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती लगेच भांडी आवरू लागली. मी घाईघाईने म्हटलं, "माझ्याकडे चल ना. धुळ्याला. दुसरा नंबर माझा."

ती हसली. लहान पोर चुकीचं बोललं की हसतात तशी. "पोरीसना नंबर नही ऱ्हास, बेटा." माहेरच्या गल्लीत लेकींचा नंबर नसतो.

इतकी वर्षं मी त्या गल्लीतल्या नंबरासाठी जीव आटवला, अक्कांशी भांडले, फोन करकरून विचारलं, आणि त्यात माझं स्वतःचं घर कुठेच नव्हतं. मला रडू आलं. तिने बघितलं आणि उरलेली भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ती अंथरुणात नव्हती. अंघोळ करून, पदर खोचून ओट्यावर बसली होती. केस विंचरलेले, कुंकवाच्या जागी गोंदणाचा हिरवा ठिपका.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"कठेच नही," ती म्हणाली. "आज दुसरा नंबरना दिन शे."

मी तोंड धुतलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. ऊन ओट्यावर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो, आणि आम्हाला बोलवायला कुणी आलं नाही.