दादाचा बिननखांचा कार्यक्रम

दादाने आयुष्यात एकच कार्यक्रम केला, आणि तोसुद्धा नखांशिवाय.

काल दुपारी तो गेला. कावीळ अंगात मुरली होती, आम्हाला कळायला उशीर झाला. छत्तीस हे काय जायचं वय आहे?

तुमच्यातले बरेच जण त्याला ऑफिसातला शांत माणूस म्हणून ओळखता. तो क्लासिकल गिटार वाजवायचा, हे किती जणांना माहीत आहे?

कॉर्ड धरून पिकनिकला गाणी म्हणतात, ती नव्हे. एकटा माणूस आणि एक गिटार. उजव्या हाताच्या नखांनी तारा छेडायच्या. नखं गेली की आवाजातला जीव गेला.

म्हणून दादा नखं जपायचा. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा. क्रिकेट सोडलं. पाण्याची बादलीसुद्धा डाव्या हाताने उचलायचा.

"पोरीसारखी नखं काय वाढवतोस रे?" आई ओरडायची.

पॉलिश पेपर मात्र अण्णा, म्हणजे आमचे वडील, न सांगता आणून ठेवायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, आम्ही नाशिक रोडला कॉलनीत राहायचो. देवळालीच्या एका म्हाताऱ्या टीचरकडे जेवढं होतं तेवढं दादा शिकून बसला होता. पुढचं सगळं मुंबईच्या एका सरांकडे.

पण सर शिष्य पारखून घ्यायचे. ते नाशिकला एका लग्नाला येणार होते. म्हणाले, त्याच दिवशी तासभर सोलो वाजव. ऐकतो, मग बघू.

दादा नुसता हवेत. कॉलनीतला हॉल ठरवला, खुर्च्या सांगितल्या.

आणि अण्णा गेले. अटॅक आला, हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर. न्हाव्याने दादाचं डोकं भादरलं, मग नखं काढायला हात मागितला. दादाने डावा दिला.

"अहो, उजव्याची राहू द्या ना. कार्यक्रम आहे माझा."

थोरले काका सायखेड्याचे. ते भडकलेच.

"आरं, बाप गेलाय तुझा! नखं ठेवून पिंड देतो का? लोकं काय म्हणतील?"

गुरुजी हळूच म्हणाले, "राहिली तर राहू द्या. तसं काही अडत नाही."

"तुमचं नाय अडत. आमचं अडतंय."

दादाने आईकडे पाहिलं.

तिने एक शब्द बोलायचा होता. काकांनी ऐकलं असतं. त्या दिवशी तरी तिचं ऐकलंच असतं.

आई पदर तोंडाशी धरून पाण्याकडे बघत राहिली.

दादाने उजवा हात पुढे केला. न्हाव्याने पार मुळापासून काढली.

मला राग येतो. अजून येतो. काकांचा, आईचा, दादाचासुद्धा. मूठ आवळून धरता आली नाही याला?

तेरावं झालं आणि लगेच कार्यक्रम. पुढे ढकलून उपयोग नव्हता, सर पुन्हा कशाला येतात? आई आली, पहिल्या रांगेत बसली. "नवऱ्याला महिना नाही झाला आणि ही इथे," असं मागच्या बायका बोलल्या. तिने ऐकलं, तरी उठली नाही.

दादा टक्कल घेऊन स्टेजवर एकटाच बसला होता. शेजारच्या एका काकांनी मोठ्याने विचारलं, "तबला कुठाय? साथीला कोणी नाही?" लोक हसले.

मग दादा वाजवायला लागला.

बोटं बरोबर जात होती. एकही जागा चुकली नाही. पण आवाज उठतच नव्हता. नुसत्या मांसाने तार ओढल्यावर उठणार कसा? शेवटच्या खुर्च्यांपर्यंत काही पोचत नव्हतं. मागून लोक उठून जायला लागले. दादा मान खाली घालून वाजवत राहिला. मला रडू आवरेना.

संपल्यावर सर जवळ आले. दादाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई.

"हात तयार आहे तुझा. पण टोन कुठाय? नखं काय केलीस?"

"तुटली, सर."

"सगळी?"

"हो, सर."

"ज्याला नखं सांभाळता येत नाहीत, तो गिटार काय सांभाळणार?"

सर लग्नाच्या जेवणाला निघून गेले.

दादा अण्णांच्या जागी नोकरीला लागला. नखं काय, पुन्हा वाढली असती. त्याने वाढू दिली नाहीत. दर रविवारी दोन्ही हातांची कापायचा. गिटार कधी विकली, ते आम्हाला कळलंही नाही.

परवा हॉस्पिटलमध्ये मी विचारलंच. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"सरांना खरं का नाही सांगितलंस रे?"

"आई शेजारी उभी होती ना."

"मग?"

"मग काय? तिचा नवरा नुकताच गेला होता. त्यात हेही तिच्या डोक्यावर घालू?"

वर म्हणाला, "तू पण नको बोलूस तिला कधी."

आई फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहिते आहे. कुठेतरी लिहिल्याशिवाय मला श्वास घेता येत नाहीये.

कालपासून जो भेटायला येतो त्याला आई एकच सांगते. "फार छान वाजवायचा हो. ऐन कार्यक्रमाला नखं तुटली त्याची. नाहीतर कुठल्या कुठे गेला असता."

तिला खरंच तसं वाटतं की काय, मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

तुम्ही घरी याल तेव्हा तुम्हालाही सांगेल.

तुम्ही फक्त "हो" म्हणा.

दादा, जा आता. तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला शेवटचा नमस्कार.