न पुसायची रांग

आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर सोलर पॅनेलच्या दोन रांगा होत्या. एक रोज सकाळी पुसायची, दुसरी पाच वर्षं पुसायचीच नाही. पाऊस काय धुईल ते धुईल, माणसाचा हात लागता कामा नये. धुळीने वीज नेमकी किती घटते, ते आम्हाला शोधायचं होतं. पुसायचं, न पुसायचं आणि दोन्ही रांगांचे आकडे लिहायचं काम धूळकाकांचं. हे नाव मीच ठेवलं. धुळीची राखण करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मळक्या रांगेवर कबुतर बसलं तरी काका हातवारे करत धावायचे.

बायको गेल्यापासून दोन खोल्यांत ते एकटेच. सुट्टीच्या दिवशीही गच्चीवर हजर. एकही आकडा चुकायला नको, असं म्हणायचे, पण घर त्यांना खायला उठत होतं हे कुणालाही दिसलं असतं. मुलगी दूरच्या गावी. फोनवर ते तिला प्रयोग समजावू लागले, की तिला हमखास दुसरं काम आठवायचं.

पाच वर्षं भरायला दोन महिने उरले होते, तेव्हा ती कामानिमित्त गावात आली आणि तासाभरासाठी गच्चीवर येते म्हणाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

दुपारी मी आकडे पाहिले. मळक्या रांगेची वीज एकदम वाढली होती. वर जाऊन बघते तर पहिलं पॅनेल लख्ख. पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. मी तणतणत जिन्यात आले. काका पायरीवर एकटेच बसले होते.

"ती म्हणाली, बाबा, किती घाण ही. आता होत नाही का तुमच्याच्याने?" काका खाली बघत म्हणाले. "समजावत बसलो असतो, तर निघून गेली असती. म्हणून पुसून दाखवलं."

मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. रजिस्टरात नोंद करा, एवढंच मी म्हणाले.

संध्याकाळी नोंद वाचली. कारण: मुलगी आली होती. शेजारच्या रकान्यात पॅनेल पुसल्याची वेळ लिहायची होती. एक पॅनेल पुसायला दोन मिनिटं पुरतात. काकांनी लिहिलं होतं, १०.४० ते ११.०५.