गाडीची खोली

अमरावतीत मी बरीच वर्षं भाड्यानं राहिले. करार संपत आला की घरमालक चहाला बोलवायचे आणि कप खाली ठेवेपर्यंत भाडं वाढलेलं असायचं. सरकारी वसाहतीच्या सोडतीत घर लागलं तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात सामान हलवलं.

एका आवारात तीन इमारती. पुढच्या इमारतीत आम्हा नोकरदारांची मोठी घरं, मागच्या दोन्हींत लहान. सोडतीत कुणाला शेजार निवडता येत नाही. आडनाव विचारून खोली दाखवणाऱ्या मालकांपेक्षा मला ही पद्धत बरी वाटते.

मागच्या इमारतींपैकी एकीत एक भाजीवाली राहायला आली होती. ती रोज संध्याकाळी तिच्या जुन्या वस्तीतून पायी परत यायची. एकदा कारण विचारलं.

"गाडी ठेवाले जातो ना ताई. तिकडची खोली सोडली नाई अजून. सरकारनं मले घर देल्लं, गाडीले नाई देल्लं. ते भाड्यानंच राहून राह्यली."

खोलीचं भाडं आणि इकडचा हप्ता, दोन्ही निघत नव्हतं. असंच चाललं असतं तर हे घर गेलं असतं.

रविवारच्या सभेत मी विषय काढला. आमच्या इमारतीतले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "आवारात हातगाडी बरी दिसत नाही. शिवाय भाजीवरच्या ओल्या पोत्यांचं पाणी गळतं."

"काकाजी, तुमच्या कूलरातून का शरबत गयते?" मागे बसलेली भाजीवाली म्हणाली.

सगळे हसले, ते सोडून. "पार्किंगच्या जागा आखून झाल्या आहेत," ते म्हणाले.

"माझी रिकामी आहे," मी म्हटलं. "स्कूटी जिन्याखाली मावते. तिथे तिची गाडी राहील."

"नियमात बसत नाही."

"मग नियमांचं पुस्तक काढून बघू."

अधिकारी घाईनं पुढच्या विषयाकडे वळले. आवार तिन्ही इमारतींचं होतं आणि पार्किंगचे पिवळे पट्टे आमच्याच इमारतीनं परस्पर मारून घेतले होते. पुस्तक उघडलं असतं तर आधी तेच पुसावे लागले असते. सभा संपली.

दुसऱ्या दिवशी तिनं खोलीची किल्ली मालकाला देऊन टाकली आणि गाडी ढकलत आणली. जागेवर लावून चाकांना दगड लावले. अधिकारी गॅलरीतून बघत होते.

"काकाजी, वांगे उरले हायेत. देऊ काय?"

त्यांनी भाव विचारला, घासाघीस केली आणि दोरीला बांधून पिशवी खाली सोडली.