जतन केलेली उत्तरं

माझी थोरली बहीण इस्पितळात सिस्टर आहे. घरी मी तिला ताई म्हणते, वॉर्डातही सगळे ताईच म्हणतात. तिने लग्न केलं नाही. मी केलं आणि लवकरच परत आले. तेव्हापासून आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. मी दिवसा घरी शिवणकाम करते, तिची कायमची रात्रपाळी. दिवसा ती झोपते म्हणजे डोळे मिटून पडते. रस्त्यावरचे भोंगे, शेजारच्यांची भांडणं, माझी गिऱ्हाइकं, कोण तिला झोपू देणार?

यंदा इस्पितळाने फर्मान काढलं. जुन्या सिस्टरांपैकी ज्या ऑनलाइन कोर्स पास होतील त्यांना दिवसपाळी. ताईला ना सर्टिफिकेटचं कौतुक, ना मानाचं. तिला रात्री झोपायचं होतं, बस्स.

मग सुरू झाली आमची फरफट. आधी लॉगिन, म्हणजे आपण आपणच आहोत हे पटवून देणं. त्यासाठी पासवर्ड, त्यात आकडाही हवा आणि चिन्हही हवं. आत गेलं की डॅशबोर्ड, म्हणजे आपलं घोडं कुठवर आलंय ते सांगणारं पान. धड्याला म्हणे मॉड्यूल. धडा म्हणायला काय धाड भरली होती? फोरम म्हणजे निव्वळ चव्हाटा. तिथे एकाने शंका विचारायची आणि दहाजणांनी ‘छान प्रश्न’ म्हणायचं, उत्तर कुणीच द्यायचं नाही. ताई ड्यूटीवरून आली की पाय गरम पाण्यात सोडून व्हिडिओ लावायची. मधेच मान पडायची. जाग आली की बिचारी मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून बघायची.

आता तिच्या कामाची एक रीत सांगायला हवी. वॉर्डात जोखमीचं औषध एकटीने द्यायचं नाही. एकीने काढायचं, दुसरीने बाटली आणि कागद ताडून बघायचा, मगच सुई. हे ताईच्या हाडीमाशी इतकं मुरलंय, की भाजीत मीठ घालण्याआधीही ती चमचा मला दाखवते.

शेवटच्या चाचणीखाली दोन बटणं होती, ‘जतन करा’ आणि ‘सबमिट करा’. ताईने सगळी उत्तरं दिली, जतन केली आणि निवांत बसली. डॅशबोर्डवरची हिरवी पट्टी शेवटाला टेकली नव्हती. मी विचारलंसुद्धा.

“कोर्सच्या सरांनी तपासलं की भरेल,” ती म्हणाली.

मुदत संपल्यावर निकाल लागला. अनुत्तीर्ण, चाचणी दिलेली नाही.

दुपारी तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती.

“मॅडम, उत्तरं दिसतायत मला. पण तुम्ही सबमिट कुठे केलंत?”

“ते तपासणाऱ्याने करायचं ना? आपणच काढायचं आणि आपणच टोचायचं, असं कसं चालेल?”

“अं? नाही मॅडम, ते तुम्हीच करायचं असतं.”

“बरं, पण दिसतायत ना? मग बघा की.”

“बघितली. बरोबर वाटतायत. पण चाचणी बंद झालीय, माझ्या हातात काही नाही. पुढच्या बॅचला नाव घाला.”

माझं डोकंच सणकलं. फोन हिसकावून मी तिला चांगली फैलावर घेतली. बरोबर आहे म्हणतेस आणि वर नापास म्हणतेस, काही जनाची नाही तर मनाची? ती मुलगी “सॉरी मॅडम, सॉरी मॅडम” करत राहिली.

ताईने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

“तिला कशाला बोलतेस? तिचीही पाळीच असेल.”

मग ती पलंगाच्या कडेला बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“इतकी वर्षं दुसरीने काढलेलं औषध मी तपासतेय,” ती म्हणाली. “कितीही दमलेली असू दे, नंतर बघते असं कधी म्हटलं नाही गं. माझं कुणी एकदा वेळेवर बघायला नको होतं?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाठ दगडासारखी कडक झाली होती.

संध्याकाळ झाली तशी ती उठली. तोंडावर पाणी मारलं, केस बांधले, इस्त्रीचे कपडे चढवले. दाराशी चपला घालताना माझ्याकडे वळून म्हणाली, “जेवून घे आणि वेळेवर झोप.” आणि ड्यूटीवर गेली.