पुलावर भरलेली फी

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगायला मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. ही एक केस मात्र डायरी न उघडता सांगता येते. तिच्यात आरोपी नव्हता, पंचनामा नव्हता आणि न्यायालयापर्यंत काही गेलंही नाही.

निवृत्तीला दोन वर्षं होती. अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो आणि सायबर तक्रारी माझ्याकडे यायच्या. एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराने एका बाईंना आत पाठवलं. पन्नाशीच्या, जवळच्या गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

“साहेब, माझ्या भावाचं पाकीट रिकामं झालंय. कोणी चोरी केली असेल तर गुन्हा दाखल करा.” थोडं थांबून म्हणाल्या, “आणि त्यानेच काढलं असेल तर मला सांगा.”

भाऊ तीन वर्षांपासून बेपत्ता होता. आमच्याच मिसिंग रजिस्टरला त्याची नोंद होती. पाकीट म्हणजे त्याचं क्रिप्टो चलन ठेवायचं डिजिटल पाकीट. त्याचा पत्ता माहीत असला की आतली शिल्लक कोणालाही बघता येते, पण हलवायची तर बारा गुप्त शब्द लागतात. ते फक्त भावाकडे होते. बाई दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपून घरी आल्या की तो आकडा बघायच्या. तीन वर्षं तो तसाच होता. आदल्या दिवशी तिथे शून्य दिसलं.

“तो घर सोडून का गेला?” मी विचारलं.

बाईंनी काही लपवलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली. बाई शाळेत गेल्या की आईजवळ भाऊ असायचा, घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचा. एका दुपारी आईने मारलेल्या हाका भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू गेल्या. ती धावत आली तोवर आई गेली होती आणि भाऊ बाजूच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला होता.

“मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, ते कानातलं काढून ठेवलं असतंस तर आई आज असती. आठ दिवसांनी तो निघून गेला.”

माझ्या हाताखाली एक उपनिरीक्षक होती, नांदेडकडची, तिच्या घराण्यातली पहिली इंजिनिअर. तिने तासभर स्क्रीनवर घालवला आणि म्हणाली, “सर, ही चोरी वाटत नाही. पूल ओलांडलाय.”

मला काही कळेना. मग तिने माझ्या भाषेत सांगितलं. “आपण मुद्देमाल खोलीत कुलूपबंद करतो आणि पावती देतो, तसं समजा. खरं चलन एका नेटवर्कवर अडकवून ठेवतात. त्याच्या बदल्यात दुसऱ्या नेटवर्कवर तेवढ्याच किमतीचं टोकन मिळतं. त्याला रॅप्ड म्हणतात, म्हणजे गुंडाळलेलं. ती झाली पावती. पावती परत केली की ती फाडायची आणि मूळ मुद्देमाल सोडायचा. ही ने-आण जिथून होते त्याला ब्रिज म्हणतात.”

भावाकडे होती ती पावती. तो ब्रिज चालवणारी कंपनी काम बंद करणार होती. मुदतीत परत केली नाही, तर पावतीला काही किंमत राहणार नव्हती. कोणीतरी मुदत संपायच्या आत मूळ चलन पलीकडच्या नेटवर्कवर सोडवून घेतलं होतं. बाईंना मोबाइलवर फक्त अलीकडचं नेटवर्क दिसत होतं, म्हणून शून्य.

“म्हणजे तो जिवंत आहे,” मी म्हणालो.

“किंवा ते शब्द दुसऱ्या कोणाच्या हाती लागलेत, सर.”

त्यामुळे बाईंना आम्ही काहीच कळवलं नाही. त्या रोज शाळा सुटल्यावर ठाण्यात येत, बाकावर दहा मिनिटं बसत आणि न विचारता परत जात. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धागा सापडला तो अगदी बारीक. असा व्यवहार करायला त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात थोडी फी भरावी लागते. भावाच्या पाकिटात ते नाणं नव्हतंच. व्यवहाराच्या जरा आधी कोणीतरी बाहेरून ते पाठवलं होतं, दोन-चार चहांच्या किमतीचं. ते आलं होतं एका एक्स्चेंजवरून, म्हणजे असं चलन विकत घ्यायच्या बाजारातून, आणि तिथे ओळखपत्र दिल्याशिवाय खातं उघडत नाही. आम्ही नोटीस काढली. उत्तर आलं. खातं पवईत राहणाऱ्या एका तरुणाचं होतं. तो आणि भाऊ पूर्वी एकाच ऑफिसात होते.

त्याला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचे कपडे, हातात कागदांची फाइल. अशी तयारी करून आलेला माणूस पैशांच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आलेला असतो. मी त्याला ती सगळी देऊ दिली. तो पाकिटाचा पत्ता कोणाचा ते ठाऊक नाही, मित्राला तीन वर्षांत पाहिलेलं नाही, वगैरे. मग चहा आला.

मी कप पुढे सरकवला. “घे. तुझा मित्र भारी चहाबाज ना? बहीण सांगत होती, दिवसाला सात-आठ कप लागायचे.”

“आता नाही घेत तो. पोटाला चालत नाही,” तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

त्याने हातातली फाइल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “कोणाला सांगणार नाही असं मी त्याला वचन दिलंय, साहेब.”

“त्याने गुन्हा केलेला नाही. मला फक्त त्याला डोळ्यांनी बघायचंय.”

त्याने पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी मी आणि उपनिरीक्षक साध्या कपड्यांत आरे कॉलनीत गेलो. गुरांच्या गोठ्याला लागून एक खोली होती. तिथे बाईंचा भाऊ राहायचा, दुधाच्या नोंदी ठेवायचा, बिघडलेले पंप दुरुस्त करायचा. अंगाने उतरलेला, दाढी पांढरी व्हायला लागलेली. बहिणीच्या घरापासून एका बसचं अंतर.

सज्ञान माणूस स्वखुशीने राहत असेल तर तो सुखरूप आहे एवढंच आम्ही घरच्यांना कळवतो. त्याची तयारी नसेल तर पत्ता देत नाही. तो नको म्हणाला.

“मग पाकिटाला आत्ताच हात का लावलास?”

“आईच्या औषधपाण्यासाठी ठेवलं होतं ते. खर्च करायची हिंमत होत नाही. बुडूनही द्यायचं नव्हतं.”

मी त्याला सांगितलं की ताई दर रविवारी तो आकडा बघत होती. तो चाऱ्याच्या पोत्यावर बसला. “ताई बघते?” एवढंच म्हणाला.

“तुला जे बोलली त्याचा दोष स्वतःला देते.”

त्याने मान खाली घातली. “साहेब, हेडफोनमध्ये काही वाजत नव्हतं. मला आईची हाक ऐकू आली होती. क्रिप्टोचा भाव घसरत होता, मला विकून टाकायचं होतं. मी म्हटलं, आई, एक मिनिट. ताईला वाटतं मला ऐकू आलं नाही. हे तिला सांगू नका.”

जबाब लिहिता लिहिता उपनिरीक्षक थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ते वाक्य जबाबात आलं नाही.

संध्याकाळी बाई आल्या. जबाबावरची सही त्यांनी जवळ धरून पाहिली.

“त्याचीच आहे. कसा आहे?”

“बारीक झालाय. पण ठीक आहे.”

“माझ्या बोलण्याने गेला ना?”

“नाही, बाई. तुमच्या बोलण्याने नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही.”

“लांब राहतो?”

मी कागद आवरायला लागलो.

“म्हणजे लांब नाही,” त्या म्हणाल्या. “लांब असता तर तसं सांगून तुम्ही मला घरी पाठवलं असतं.”

रजिस्टरला शेरा मारला, ‘मिळून आला’, आणि प्रकरण बंद झालं. कबुलीजबाब मी पुष्कळ घेतले. कबुली दिली की माणूस हलका होतो असं मी नवीन पोरांना शिकवायचो. आरेतल्या त्या माणसाने जे कबूल केलं ते कुठल्याच कलमात बसत नव्हतं, आणि ते बोलून तो जराही हलका झाला नाही. ज्या माणसाशी बोलायला हवं होतं तो मी नव्हतो. त्यानंतर मी नवीन पोरांना ते शिकवणं सोडलं.

निवृत्तीनंतर एकदा मासळी बाजारात बाई भेटल्या. त्यांच्या हातातली पिशवी मी धरली.

“महिन्यातून एकदा फोन करतो,” त्या म्हणाल्या. “जेवलास का विचारते, तो हो म्हणतो. मग दोघंही नुसते फोन धरून बसतो. घरी ये म्हटलं की ठेवून देतो.”

थोडं चालल्यावर त्या थांबल्या. “त्याच्या मनात काहीतरी आहे. तुम्हाला ठाऊक आहे ना, साहेब?”

खोटं बोलवेना. “हो,” मी म्हणालो.

“मग तुम्ही नका सांगू,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातून पिशवी घेतली. “तो सांगेल. मी आहे ना अजून.”