खालच्या फळीवरचे डबे

उल्हासनगरात इंटरनेटच्या एका दुकानात मी सात वर्षं कन्व्हर्टर लावते. कन्व्हर्टर म्हणजे साबणाच्या डबीहून थोडा मोठा लोखंडी डबा. काचेच्या तारेतून आलेला उजेड तो साध्या वायरीत उतरवतो आणि मग बिल्डिंगमधले लोक त्यावर मालिका बघतात. यामागे मोठं शास्त्र असेल, पण आमच्या कामाला एवढंच पुरतं की डबे जोडीनं येतात, ए आणि बी. दुकानात ए लावायचा, बिल्डिंगमध्ये बी. दोन्हीकडे ए लावले तर दोघंही बोलत राहतात आणि ऐकत कोणीच नाही, लग्नाच्या बोलणीला दोन्हीकडच्या आत्या बसाव्यात तसं. डबा ए की बी, हे तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं.

हे मला काकांनी शिकवलं. काका आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, राहणार विठ्ठलवाडी. मी आले तेव्हा “बाईमाणूस शिडीवर कशी चढणार” असं दुकानात सगळे म्हणाले. काकांनी शिडी धरली. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे लिहितेय ते निःपक्षपाती नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे डब्यांची पूजा होते. शेठ सिंधी, पण या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. फळ्यांवरचे सगळे सुटे डबे उतरवायचे, फडक्यानं पुसायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, पेढा खायचा. एका वर्षी डबे परत फळ्यांवर मी लावले. मोठे वर, छोटे खाली, सगळे एका रेषेत. मला नीटनेटकेपणाची फार हौस.

दसरा झाल्यावर पालेगावात एका नव्या बिल्डिंगचं नेट गेलं. काका डबा बदलायला गेले. तासाभरानं त्यांचा शेठना फोन आला, जमिनीखालची तार तुटलीय, रस्ता खणायला माणसं पाठवा. खणण्याआधी खात्री करावी म्हणून शेठनी मला तारेतला उजेड मोजायचा मीटर देऊन पाठवलं. जिन्याखाली काका घामाघूम होऊन बसले होते. चार डबे बदलून झाले होते. मीटर म्हणाला, तार ठणठणीत आहे. मी डबे उलटे करून पाहिले. चारही ए.

“काका, हे काय?”

“खालच्या फळीवरचे आहेत,” ते म्हणाले. “खालच्या फळीवर बी असतात.”

माझ्या पिशवीत एक बी होता. तो लावला, हिरवा दिवा लागला.

“तुम्ही अक्षर वाचत नाही?”

“दिवा दिसतो गं. माणसं दिसतात. अक्षरं तेवढी गेली. शुगर आहे ना.”

घरी कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरकडे ते गेले नव्हते, कारण डॉक्टर सांगणार ते आज ना उद्या शेठच्या कानावर जाणार, आणि ज्याला साइट जमत नाही त्याला शेठ सरळ घरी बसवतात. आधी एकाला बसवलं होतं. “घरी बसून मी करू काय?” काकांनी विचारलं. मला त्यांचा भयंकर राग आला. मग लक्षात आलं की फळ्यांवरचे डबे मीच हलवले होते, म्हणजे राग खरा माझाच यायला हवा. तो तितका आला नाही.

दुकानात शेठनी विचारलं, “साईं, ये किसने किया?”

“मीच,” मी म्हटलं. “फळीवर मीच उलटसुलट लावले, काकांना काढूनही मीच दिले.” यातलं अर्धं खरं होतं.

शेठनी दाढी खाजवली. “ठीक है. आजपासून तू जो डबा लावशील, तो काका चेक करणार. उनके पास नजर है.”

तेव्हापासून काका माझ्याबरोबर साइटवर येऊ लागले. मी डबा घ्यायचे, अक्षर दोनदा वाचायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. ते तो नाकाशी नेऊन सावकाश फिरवायचे आणि “ओके” म्हणायचे. शेठ खूश होते. मीही खूश होते, पुण्य केल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरचं विचारलं की ते म्हणायचे, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग म्हणाले, लग्नसराई होऊ दे. मी फार रेटलं नाही. रेटलं असतं तर हे सगळं मोडलं असतं, आणि काका रोज बरोबर असणं मला आवडायला लागलं होतं. याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात बदलापूरच्या एका बिल्डिंगमध्ये डबा लावला. काकांनी तपासला, मी जोडला, बाजूला होऊन हत्यारं पिशवीत भरायला लागले. काका डब्यासमोर वाकून उभेच होते.

“लागला का गं दिवा?” त्यांनी विचारलं.

दिवा त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर लागलेला होता. “लागला,” मी म्हटलं. शेठना मी सगळं त्याच दुपारी सांगितलं.